गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार? स्टॅबिलायझरची बाटली घेण्याआधी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की जयपूरमध्ये राहणाऱ्या वाचकांकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. दोन-तीन महिने महाराष्ट्रात जायचे आहे, गाडी इमारतीखाली उभी राहणार आहे, तर टाकी भरून ठेवावी की रिकामी? त्यात फ्युएल स्टॅबिलायझर टाकावे का? टाकायचे तर कोणते? जुन्या स्कूटर आणि व्हिंटेज मोटारी जपणाऱ्यांचा प्रश्न आणखी अवघड असतो, कारण त्यांची गाडी हिवाळ्यातल्या एखाद-दुसऱ्या रॅलीपुरती बाहेर पडते आणि बाकीचे वर्ष झाकून उभी असते. ऑनलाइन दुकानांत मात्र सगळ्यांना एकच उत्तर मिळते: ही बाटली घ्या, इंधन दोन वर्षे ताजे राहील. हे उत्तर अपुरे आहे. पेट्रोल बिघडण्याची कारणे तीन आहेत आणि बाटलीतले रसायन त्यांपैकी प्रामुख्याने एकावरच काम करते. त्यामुळे कोणती बाटली घ्यायची हे ठरवण्याआधी, आपल्या इंजिनाला धोका त्या एका कारणाचा आहे की उरलेल्या दोनांचा, हे पाहावे लागते. बऱ्याच वाचकांना बाटलीची गरजच नाही. ज्यांना आहे, त्यांचे काम नुसत्या बाटलीने भागणार नाही.

पेट्रोल बिघडते म्हणजे काय होते

पहिले कारण ऑक्सिडीकरण. पेट्रोलमधले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतात आणि त्यातून चिकट डिंक तयार होतो. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक इतके बारीक असते की या डिंकाचा पातळ थरही ते बुजवायला पुरतो. तांबे आणि पितळ यांच्या संपर्कात ही क्रिया आणखी वेगाने होते. स्टॅबिलायझरमध्ये मुख्यतः ही क्रिया लांबवणारी द्रव्ये असतात, शिवाय तांब्याचा परिणाम दाबणारी आणि गंज रोखणारी द्रव्येही बहुधा असतात. पंपावरचे पेट्रोल या बाबतीत अगदी निराधार नसते. आयएस २७९६ या भारतीय मानकानुसार, ऑक्सिजनच्या दाबाखाली सुमारे १०० अंश तापमानात ठेवल्यावर पेट्रोलने निदान ३६० मिनिटे तग धरली पाहिजे. बाटली त्याची ही मूळची तग वाढवते, इतकेच.

दुसरे कारण हलक्या घटकांचे उडून जाणे. थंड इंजिन पहिल्या किकला पेटते ते या घटकांमुळे. ते एकदा उडाले की कोणतेही रसायन त्यांना परत आणू शकत नाही. त्यावर उपाय दोनच: झाकण घट्ट बसलेले हवे आणि टाकीत मोकळी जागा कमी हवी.

तिसरे कारण पाणी, आणि गेल्या काही वर्षांत हेच सर्वांत महत्त्वाचे झाले आहे. देशाने जून २०२२ मध्ये १० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पाही गाठला गेला. म्हणजे आज ४० लिटरच्या भरलेल्या टाकीत सुमारे ८ लिटर इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इथेनॉल जास्त असेल तर पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते हे खरे. पण एकदा मिश्रण फुटले की तळाशी जमणारा थरही तितकाच मोठा असतो, आणि पेट्रोल उपसणारी नळी नेमकी तळाजवळून सुरू होते. असे फुटलेले मिश्रण स्टॅबिलायझर पुन्हा एकजीव करू शकत नाही.

जयपूरच्या हवेत ‘चोवीस महिने’ म्हणजे किती?

बाटलीवरची मुदत वाचताना ही वस्तू कुठल्या हवामानासाठी जन्माला आली ते लक्षात घ्या. अमेरिका, कॅनडा, जर्मनी अशा देशांत हिवाळ्यात मोटारसायकली, बोटी आणि गवत कापायची यंत्रे चार-सहा महिने बंद गॅरेजमध्ये ठेवतात. त्या काळात तिथले तापमान शून्याच्या आसपास किंवा थोडे वर असते. जयपूरमध्ये मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरी ४० अंशांच्या घरात जाते आणि पत्र्याच्या शेडखाली ते त्याहूनही चढते. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब रसायनशास्त्रात वापरतात. तो इथे लावला तर २० अंशांच्या गॅरेजमध्ये दोन वर्षे टिकणारे पेट्रोल ४० अंशांत सहा महिन्यांतच त्या अवस्थेला पोचेल. हा हिशेब काटेकोर नाही. रात्री आणि हिवाळ्यात पारा उतरतोच. तरीही बाटलीवर २४ महिने लिहिलेले असेल तर जयपूरमध्ये आठ-दहा महिन्यांच्या पलीकडे त्यावर विसंबू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

पाण्याच्या बाबतीत जयपूरची बाजू काहीशी बरी आहे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत हवा कोरडी असते. ओलाव्याचा धोका खरा सुरू होतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणून एप्रिलमध्ये ठेवून जूनमध्ये काढायची गाडी आणि फेब्रुवारीत ठेवून थेट डिसेंबरात काढायची गाडी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीने फक्त ऊन सोसायचे, दुसरीने ऊन आणि पावसाळा दोन्ही.

कोणाला बाटली हवी, कोणाला नको

- इंजेक्शनची कार किंवा दुचाकी, मुक्काम दोन ते तीन महिन्यांचा: स्टॅबिलायझरची गरज नाही. बीएस-६ गाडीची इंधनप्रणाली बऱ्यापैकी बंदिस्त असते. ताजे पेट्रोल भरून ठेवा आणि परतल्यावर थोडे नवे घाला.
- तीच गाडी, तीन महिन्यांहून जास्त: स्टॅबिलायझर उपयोगी आहे. मात्र आधी गाडीची पुस्तिका वाचा. काही उत्पादक बाहेरचे कोणतेही रसायन घालू नका असे लिहितात, आणि वॉरंटी शिल्लक असताना त्यांचे म्हणणे अंतिम माना.
- कार्ब्युरेटरची स्कूटर किंवा मोटारसायकल: महिन्याभराच्या वर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. तीन महिन्यांच्या वर असेल तर टाकीत स्टॅबिलायझरही घाला.
- पेट्रोलचे जनरेटर, फवारणी पंप, ब्रश कटर: सर्वांत आधी अडतात ती हीच यंत्रे. लहान इंजिने बनवणारी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही कंपनी ३० दिवसांनंतरचे पेट्रोल शिळे धरते. या यंत्रांची टाकी लहान असते, तेव्हा ती पूर्ण रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवणे हा बाटलीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.
- डिझेलचे इंजिन: पेट्रोलची बाटली त्यात घालू नका. डिझेलमध्ये त्रास होतो तो पाण्याचा आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. वॉटर सेपरेटरमधले पाणी निथळवा आणि गरज भासल्यास डिझेलसाठीचेच जंतुनाशक वापरा.

बाटली निवडताना किंमत नव्हे, मात्रा पाहा

दुकानात आणि ऑनलाइन एकाच फळीवर चार प्रकारच्या बाटल्या दिसतात: ऑक्टेन बूस्टर, इंजेक्टर क्लीनर, पाणी काढणारे रसायन आणि स्टॅबिलायझर. साठवणीसाठी यातली शेवटचीच उपयोगाची, म्हणून लेबलवर इंधन साठवणीचा स्पष्ट उल्लेख शोधा. नुसते ‘इंधनप्रणालीची काळजी’ असे शब्द पुरेसे नाहीत. बाटली इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठी चालते असेही लिहिलेले हवे. परदेशी लेबलांवर बहुधा ई-१० चाच उल्लेख असतो. ई-२० चा स्पष्ट उल्लेख असलेली बाटली मिळाली तर तिलाच प्राधान्य द्या.

पाणी काढणाऱ्या बाटलीविषयी दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. अशा बहुतेक बाटल्यांमध्ये एखादे अल्कोहोल असते, आणि ते पाणी स्वतःत मिसळवून पेट्रोलबरोबर इंजिनातून काढून टाकते. पेट्रोलमध्ये अल्कोहोल नव्हतेच, त्या काळात या युक्तीला अर्थ होता. आज ज्या टाकीत आधीच ८ लिटर इथेनॉल आहे तिच्यात आणखी पाव लिटर अल्कोहोल ओतून काय बदलणार?

किमतीची तुलना करताना बाटलीचा आकार फसवतो. स्टा-बिलच्या साठवणीच्या प्रकाराची मात्रा सुमारे साडेनऊ लिटर पेट्रोलला ३० मिलिलिटर आहे, म्हणजे लिटरमागे तीन मिलिलिटरच्या आसपास. लिक्वी मोलीच्या पेट्रोल स्टॅबिलायझरची मात्रा पाच लिटरला २५ मिलिलिटर, म्हणजे लिटरमागे पाच. सी फोम साठवणीसाठी वापरायचे तर लिटरमागे सुमारे १६ मिलिलिटर लागते. १३ लिटरच्या टाकीला पहिले ४० मिलिलिटर, दुसरे ६५ आणि तिसरे २०० मिलिलिटरच्या वर लागेल. म्हणून बाटलीच्या किमतीला तिने किती लिटर पेट्रोल टिकेल त्या आकड्याने भागा, मगच कोणती स्वस्त ते ठरवा. मात्रा शेवटी हातातल्या बाटलीवर लिहिलेलीच पाळा, कारण उत्पादक कृती बदलत असतात.

टाकी भरलेली की रिकामी?

गाडीची टाकी लोखंडी असेल तर भरलेली. रिकाम्या टाकीत दिवसा हवा फुगून बाहेर पडते, रात्री आकसून नवी हवा आत येते आणि पावसाळ्यात तिच्याबरोबर ओलावाही येतो. उघडा पत्रा मग आतून गंजतो. शिवाय रिकामी म्हणतात त्या टाकीत पेट्रोलची वाफ असतेच, आणि ठिणगीचा विचार केला तर वाफ द्रवाहून धोक्याची. प्लास्टिकच्या टाकीला गंजाचे भय नाही, पण पेट्रोल ताजे राहण्यासाठी तीही भरलेलीच बरी.

भरलेली म्हणजे गळ्यापर्यंत नव्हे. पेट्रोल दर अंशाला लिटरमागे सुमारे एक मिलिलिटर फुगते. फेब्रुवारीच्या पहाटे भरलेल्या ४० लिटरच्या टाकीचे तापमान मेमध्ये २५ अंशांनी वाढले, तर जवळजवळ एक लिटर जास्तीची जागा लागेल. पंपाचा नोझल आपोआप बंद होतो तिथेच थांबा. उन्हाळ्यात भरलेल्या टाकीचा स्फोट होतो, असे संदेश दरवर्षी फिरतात; इंडियन ऑइलने ते खोटे असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत भरण्यात धोका नाही.

घालण्याची पद्धत

१. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्येच घाला. दोन महिने जुन्या पेट्रोलमध्ये घातले तर बनलेला डिंक नाहीसा होत नाही.
२. मोजलेली मात्रा आधी टाकीत ओता आणि मग पंपावर पेट्रोल भरा. वेगळे ढवळावे लागत नाही.
३. त्यानंतर गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवा. ही पायरी अनेकजण वगळतात, आणि मग रसायन टाकीत राहते, कार्ब्युरेटरमध्ये मात्र जुनेच पेट्रोल उरते.
४. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करा, इंजिन आपोआप बंद पडू द्या आणि कार्ब्युरेटरच्या बाउलच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल धातूच्या भांड्यात काढा. हे काम उघड्यावर आणि इंजिन थंड झाल्यावरच करा.
५. बॅटरीची ऋण बाजू सोडवा, टायरमध्ये हवा भरा, गाडी सावलीत ठेवा आणि झाकणाच्या रबराला चीर नाही ना ते पाहा.

तरीही उरणाऱ्या शंका

‘शेजाऱ्याला सांगून आठवड्यातून पाच मिनिटे गाडी सुरू करून घेतली तर?’ त्याने पेट्रोल बदलत नाही. टाकीतले शिळे ते शिळेच राहते. थंड इंजिन थोडा वेळ चालून बंद झाले की ज्वलनातले पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते, आणि स्टार्टरने खर्च केलेली वीज बॅटरीला परत मिळत नाही. शेजारी गाडी वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर फिरवणार असेल तर उपयोग आहे, नाहीतर ती बंदच राहू द्या.

‘गॅरेजवाले म्हणतात, इतकी वर्षे कोणी काही घातले नाही, गाड्या चालल्याच.’ या बोलण्यात तथ्य आहे. रोज फिरणाऱ्या गाडीत आठवड्याभरात पेट्रोल नवे होते, तिथे स्टॅबिलायझर निरर्थकच. पण हा अनुभव फिरत्या गाड्यांचा आणि बहुतांशी कमी इथेनॉलच्या काळातला आहे. आठ महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला तो लागू पडत नाही.

‘महागडे पेट्रोल भरले तर?’ ९५ ऑक्टेनच्या ब्रँडेड पेट्रोलमध्ये सफाईची द्रव्ये असतात. त्यांनी साठवण लांबत नाही. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने एक्सपी-१०० हे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले तेव्हा पहिल्या दहा शहरांत जयपूर होते. इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळाले तर ते साठवणीसाठी निश्चितच चांगले, मग ऑक्टेन कितीही असो. पण ऑक्टेनचा आकडा इथेनॉलविषयी काही सांगत नाही. पंपचालकाला थेट विचारा: यात आज इथेनॉल किती टक्के आहे?

व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा विचार

जयपूरमध्ये हा विषय हौसेपुरता राहत नाही. शहराला व्हिंटेज मोटारींच्या रॅलीची परंपरा आहे, आणि या गाड्या उभ्या राहतात त्यामागे कायदाही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, तसेच इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच मुभा आहे. यातली शेवटची मुभा मालकांनी वापरायला हवी. ताजे पेट्रोल भरून स्टॅबिलायझर मिसळण्यासाठी पंपापर्यंतची फेरी नियमात बसते.

या गाड्यांना ई-२० चा त्रास साठवणीआधीच सुरू होतो. जुन्या रबराच्या नळ्या आणि गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा मऊ पडतात. काही जुन्या कार्ब्युरेटरमधले फ्लोट बुचाचे असून त्यांवर लाखेचा थर असतो, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. टाकीच्या आत वर्षानुवर्षे बसलेला मळही इथेनॉलने सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन अडकतो. यांपैकी एकाही गोष्टीवर स्टॅबिलायझर उपाय नाही. म्हणून व्हिंटेज मालकांनी पैसा आधी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि सील यांवर खर्च करावा, मग शक्य असेल तर इथेनॉलमुक्त पेट्रोलवर, आणि बाटलीवर सर्वांत शेवटी. गाडी सहा महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर जूनमध्ये, पावसाआधी, टाकीतले पेट्रोल उपसून ते दुसऱ्या चालत्या गाडीत वापरावे आणि टाकीत ताजे, स्टॅबिलायझर घातलेले पेट्रोल भरावे. दहा महिने तेच पेट्रोल ठेवण्याचा अट्टहास करू नये.

घरात कॅन भरून ठेवणार असाल तर

वाहनाच्या टाकीतल्या पेट्रोलला परवाना लागत नाही. वेगळे साठवायचे असेल तर पेट्रोलियम अधिनियम, १९३४ च्या कलम ८ प्रमाणे, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एका व्यक्तीजवळ एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते. भांडे घट्ट झाकणाचे हवे. काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. पाण्याची प्लास्टिक बाटली यात बसत नाही, आणि तळघर, जिन्याखालची जागा किंवा इन्व्हर्टरची खोली ही पेट्रोल ठेवायची ठिकाणे नव्हेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्याच सीतापुरा भागातल्या तेल डेपोत गळतीतून असाच वाफेचा ढग पसरला आणि पेटला. त्यात माणसे दगावली, आणि आग कित्येक दिवस धुमसत होती. कॅनमधले प्रमाण क्षुल्लक वाटले तरी बंद खोलीत एका लिटरची वाफही पुरे होते.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

- सीलबंद बाटलीवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना आणि वर्ष, निव्वळ प्रमाण, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे. आयात केलेल्या बाटलीवर मूळ देशही हवा. यांतले काही नसेल तर बाटली घेऊ नका.
- साठवणीसाठी पेट्रोल भरताना फिल्टर पेपर चाचणी आणि घनतेची तपासणी मागा. पंपावर ती करून देणे अपेक्षित आहे; घनता त्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहा. मापाची शंका असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागता येते.
- पेट्रोलचे आणि बाटलीचे बिल जपून ठेवा. तक्रार पंपावर किंवा विक्रेत्याकडे सुटली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा.

परत आल्यावर

लगेच स्टार्टर दाबू नका. टाकी उघडून आधी वास घ्या. नेहमीच्या तीव्र वासाऐवजी आंबूस, वॉर्निशसारखा वास येत असेल तर ते पेट्रोल इंजिनात जाऊ देऊ नका. वास ठीक असेल तर मेकॅनिककडून टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या भांड्यात काढून घ्या आणि काही मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर संपूर्ण टाकी उपसावी लागेल. वरचे पेट्रोल स्वच्छ दिसते म्हणून त्यावर गाडी चालवणे चुकीचे, कारण इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेनही उतरलेला असतो. थर नसेल, रंग फार गडद नसेल आणि गाडी इंजेक्शनची असेल, तर त्यात तितकेच किंवा जास्त ताजे पेट्रोल मिसळून ते संपवता येते. उपसलेले खराब पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका. धातूच्या कॅनमध्ये भरून, जुने ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि ते घेणार असतील तरच कॅन तिथे न्या.